कपड्याची परीक्षा धुण्यात!

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी अनेकींना ऐकून तरी माहीत असेल. पेशवाईपासून इथे तांब्या-पितळेची भांडी घडतात. ठोक्यावर ठोका मारून केलेल्या मठारकामाने भांडं मजबूत होतं आणि चमकतंही. असा हंडा महाग पडला तरी कुणी कुरकुर करत नाही. पोचा आला तर ठोकून घेता येतो, कंटाळा आला तर मोडीत पैसे मिळतात.

हेच तांबं आता कपड्यांत आलंय. तांब्याच्या धाग्याचे मोजे, गुडघ्याचे पट्टे, उशीचे अभ्रे! शिवाय चांदीच्या सूक्ष्म कणांचे मोजे आणि मोबाइलला जोडलेली जाकिटंही. किंमत अर्थातच साध्या कपड्यापेक्षा बरीच जास्त. मग हे जादा पैसे मोजावेत का?

तांबं जंतू मारतं, हे खरं. पण जंतू मारणं वेगळं आणि गुडघा बरा करणं वेगळं. ‘टॉमी कॉपर’ ही अमेरिकन कंपनी तांबंमिश्रित कपड्यांनी संधिवाताच्या वेदना कमी होतात, असं सांगत असे. त्याला पुरेसा पुरावा नाही, असा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०१५ मध्ये कंपनीला साडेतेरा लाख डॉलर भरावे लागले. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी ७० संधिवातग्रस्तांना तांब्याची कडी घालायला देऊन पाहिलं. २०१३ मध्ये निष्कर्ष आला, खास उपयोग नाही.

चांदीची गोष्टही तशीच. अॅरिझोना स्टेट विद्यापीठात २००८ मध्ये असे मोजे धुऊन पाहिले, तर काहींमधली जवळपास सगळी चांदी थोड्याच धुण्यांत पाण्याबरोबर गेली. गुगल आणि लिवाइसचं २०१७ मधलं ३५० डॉलरचं जाकीट तर सुरुवातीला दहा धुण्यांपुरतंच होतं. २०२३ मध्ये त्याचं अॅप बंद झालं आणि उरलं साधं जाकीट.

नवं ते सगळं वाईट, असं मुळीच नाही. आग विझवणाऱ्या जवानाचा उष्णतारोधक पोशाख त्याचा जीव वाचवतो. तिथे किंमत बघायची नसते. पण गुडघ्याच्या पट्ट्याने आधार मिळतो तो त्याच्या घट्टपणामुळे, आणि तो साधा पट्टाही देतो.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणी दुखणं अंगावर काढतात. घरखर्चातून वाचवलेले पैसे अशा पट्ट्यावर जातात आणि डॉक्टरकडे जाणं आणखी लांबतं. खरा तोटा हा आहे. म्हणून दुकानात साडीचा रंग जाणार नाही ना, हे जसं ठणकावून विचारतो, तसंच इथेही विचारा. हा गुण किती धुण्यांपर्यंत टिकेल? बिघडलं तर दुरुस्त कोण करेल? हे बिलावर लिहून द्याल का? उत्तर देताना दुकानदार अडखळला, तर साधा कपडा घ्या आणि उरलेल्या पैशांत गुडघा डॉक्टरांना दाखवून या.