विश्लेषण : ऊसतोडीच्या करारातील मध्यस्थांना आचारसंहिता का हवी?

ऊसतोड मजुरांच्या मजुरीबाबत जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या कराराची मुदत २०२५-२६ च्या गाळप हंगामाबरोबर संपते. नव्या करारात टनामागे किती रुपये वाढणार, यावर चर्चा होईलच. पण त्यातले किती रुपये फडातल्या जोडप्याच्या हाती पडतात, हे बऱ्याच अंशी मधल्या माणसांवर ठरते. त्यांनी कसे वागावे याचे लेखी नियम मात्र जवळपास नाहीत.

सांगवीच्या फडात कोण कोणाचा मजूर?

बारामती तालुक्यातील नीराकाठचे सांगवी हे माळेगाव सहकारी साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रातील गाव. कारखान्याच्या संचालक निवडणुकीत 'सांगवी' हा स्वतंत्र गट असतो, इतका इथला ऊस महत्त्वाचा. जवळच सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती हे कारखानेही आहेत. हंगामात या पट्ट्यात बीड, अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात आणि गावाबाहेर कोप्या उभ्या राहतात.

ऊस शेतकऱ्याचा, मजुरी कारखान्याची, पण मजूर मुकादमाचा, अशी ही रचना आहे. कारखान्याची तोडणी-वाहतूक यंत्रणा वाहनमालकाशी करार करते, वाहनमालक मुकादमाला पैसे देतो आणि मुकादम प्रत्येक 'कोयत्या'ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल देतो. मजुराचा कारखान्याशी थेट कागद अनेकदा नसतोच. वाद झाला की पहिला प्रश्न उभा राहतो तो मालक कोण हाच.

मुकादम मध्यस्थ की सावकार?

दोन्ही. २०२४ च्या करारात मजुरी ३४ टक्क्यांनी वाढली. टनाचा दर २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपयांवर गेला आणि मुकादमाचे कमिशन १९ वरून २० टक्के झाले. समजा, एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर दोघांची मिळून मजुरी ७३२ रुपये होते. दहा कोयत्यांच्या टोळीमागे मुकादमाचे कमिशन दिवसाला साधारण १,४६० रुपये.

कमिशन कारखान्याकडून येते. उचलीची वसुली मजुराकडून होते. किती टन तोडले, किती फिटले, किती अंगावर राहिले, हा हिशेब बहुधा मुकादमाच्याच वहीत असतो. मजुराची बाजू मांडणारा, त्याला कर्ज देणारा आणि हिशेब ठेवणारा माणूस एकच असेल, तर भांडणात तो तटस्थ राहणार कसा? उचलीपोटी माणसाला अडकवून ठेवणे हा वेठबिगारी निर्मूलन कायदा, १९७६ नुसार गुन्हा आहे. पण तो कायदा मामला हाताबाहेर गेल्यावर उपयोगी पडतो. रोजच्या हिशेबाला त्याचा आधार नाही.

वरच्या पातळीवरचा 'लवाद' कसा चालतो?

दराचा प्रश्न संपापर्यंत ताणला गेला की दोन नेत्यांच्या लवादाने तोडगा काढायचा, ही महाराष्ट्रातील जुनी पद्धत आहे. शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने हा लवाद ओळखला जाई. मुंडे यांच्या २०१४ मधील निधनानंतर त्यांची जागा पंकजा मुंडे यांनी घेतली. ऑक्टोबर २०२० मधील १४ टक्के आणि जानेवारी २०२४ मधील ३४ टक्के वाढ याच वाटेने आली.

या पद्धतीने अनेक हंगाम सुरळीत सुरू केले, हे मान्यच करावे लागेल. पण ती चालते मुख्यतः विश्वासावर. लवादाचे सदस्य कोणत्या निकषांवर निवडायचे, साखर उद्योगाशी त्यांचे संबंध असतील तर ते कसे जाहीर करायचे, निर्णयामागची कारणे प्रसिद्ध करायची की नाही, याची कुठलीही लेखी संहिता लोकांसमोर नाही. प्रश्न व्यक्तींच्या हेतूचा नाही. उद्या माणसे बदलली तर कशाच्या आधारे विश्वास ठेवायचा, हा आहे.

कायदा काय सांगतो?

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये 'स्वतंत्र' व्यक्तीची व्याख्या होती : वादाशी किंवा त्या उद्योगाशी संबंध नसलेली. संबंधित कंपनीचे शेअर असतील, तर ते किती व कसे हे सरकारला कळवणे बंधनकारक होते. मात्र ही अट समेट मंडळाचे अध्यक्ष, न्यायाधिकरण अशा पदांसाठी होती. दोन्ही बाजूंनी संमतीने नेमलेल्या लवादाला ती तशी लागू नव्हती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. समेट अधिकाऱ्याने ४५ दिवसांत, आणि संपाची नोटीस असेल तर १४ दिवसांत, अहवाल द्यायचा आहे. म्हणजे मुदत ठरली. वर्तनासाठी मात्र त्याला मुख्यतः सरकारी नोकरांचे सर्वसाधारण वर्तणूक नियमच लागू राहतात. महाराष्ट्रात ते १९७९ चे आहेत. मध्यस्थाचे काम कारकुनीपेक्षा वेगळे आहे, याची दखल त्यांत नाही.

इतरत्र काय आहे?

अमेरिकेत केंद्रीय आणि राज्यांच्या मध्यस्थी यंत्रणांनी १९६४ मध्येच कामगार मध्यस्थांसाठी स्वतंत्र आचारसंहिता स्वीकारली. दोन्ही बाजू, सहकारी मध्यस्थ, सरकारी यंत्रणा आणि जनता यांच्याविषयीची जबाबदारी त्यात मांडली आहे. भारतातही मध्यस्थी कायदा, २०२३ ने मध्यस्थावर हितसंबंध आधी उघड करण्याचे आणि गोपनीयता पाळण्याचे बंधन घातले. व्यापारी वादात जे तत्त्व मान्य झाले, ते ऊसतोडीच्या वादात गैरलागू ठरण्याचे कारण नाही.

नव्या नियमांत काय असावे?

पहिले, लवादावर बसणाऱ्याने कारखाना, वाहतूक किंवा मजूर संघटनेशी असलेला संबंध लेखी जाहीर करावा. दुसरे, निर्णय कारणांसह मराठीत प्रसिद्ध व्हावा. तिसरे, उचल देणाऱ्याने त्याच उचलीच्या वादात निवाडा करू नये. चौथे, टनाची पावती रोज मजुराच्या हाती किंवा मोबाइलवर यावी. पाचवे, कोयत्यातल्या बाईचे नाव आणि हिशेब वेगळा असावा. अर्धे काम तिचे असते, सही मात्र नवऱ्याची.

अडचण कुठे?

उचल घेऊन टोळी आलीच नाही, तर मुकादमही बुडतो. त्यामुळे सगळा दोष त्याच्या माथी मारून भागणार नाही. त्याच्या कर्जाची जोखीम कारखान्याने उचलली, तरच तो सावकारीतून सुटेल. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याची आणि सरकारने तेवढीच भर घालण्याची व्यवस्था ठरलेली आहे. मजुरांची नोंदणी आणि तक्रारींची नोंद याच महामंडळाकडे नेता येईल.

नव्या कराराच्या वाटाघाटी हीच त्यासाठी योग्य वेळ आहे. दर एकदा ठरला आणि टोळ्या फडात उतरल्या, की नियमांचा विषय पुढच्या करारावर जातो. न फिटलेली उचल पुढच्या हंगामावर जाते, तसाच.