माळ्याने बांधलेला महाल

गेल्या दिवाळीत या सदरात आपण रोमच्या पँथिऑनच्या घुमटाखाली उभे होतो. यंदा वाचकांना कुठे न्यावे, याचा निर्णय आमच्या घरच्या आकाशकंदिलाने केला. नातवाला बाजारचा कंदील नको होता. म्हणून कामट्या तासल्या, दोऱ्याने आवळल्या, खळ शिजवली. सांगाडा तयार झाला तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून शेरा आला, "एवढ्याशा काड्यांवर हे धूड उभं राहणार?"

"अगं आजी, कागदाला कुठे वजन पेलायचंय? पेलतात त्या कामट्या!" नातू म्हणाला.

मी खळीची वाटी हातात धरून तसाच बसलो. कारण हीच गोष्ट लंडनच्या हाइड पार्कात १८५१ साली एका माळ्याने साऱ्या जगाला दाखवून दिली होती. तशी ही युक्ती अगदी नवी नव्हे. आपले जुने वाडे लाकडी खांब-तुळयांवरच उभे असत. पण भव्य सार्वजनिक इमारत म्हटली की दगडविटांची जाड भिंत हवीच, असा त्या काळच्या थोरामोठ्यांचा समज होता.

हाइड पार्कात सर्व राष्ट्रांच्या कलाकौशल्याचे प्रदर्शन भरवायचे ठरले. इमारतीसाठी नकाशे मागवले, ते २४५ आले. समितीने त्यातला एकही पसंत केला नाही, आणि समित्यांच्या रिवाजाप्रमाणे स्वतःच एक नकाशा केला! त्याला दीड कोटी विटा लागणार होत्या आणि वर एक प्रचंड घुमट. उद्घाटनाला वर्षही उरले नव्हते. शिवाय प्रदर्शन संपल्यावर बाग पूर्ववत मोकळी करून द्यायची होती. दीड कोटी विटा रचायच्या कधी आणि उपसायच्या कधी?

अशा वेळी जोसेफ पॅक्स्टन पुढे आला. हा शेतकऱ्याचा मुलगा, वास्तुशास्त्राच्या शाळेचे तोंड न पाहिलेला. वयाच्या २३ व्या वर्षी तो चॅट्सवर्थला डेव्हनशायरच्या ड्यूकच्या बागांचा मुख्य माळी झाला. दक्षिण अमेरिकेतल्या एका राक्षसी कमळाला इंग्लंडात फूल यावे म्हणून सगळे धडपडत होते. पॅक्स्टनने ते १८४९ साली आणून दाखवले. त्या कमळाची पाने एवढी मोठी की त्याने आपल्या लहान मुलीला एका पानावर उभे केले. पान बुडाले नाही! पानाच्या पाठीवरच्या जाड शिरा आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या शिरा यांनी तो भार तोलला होता. त्या कमळासाठी त्याने जे काचघर बांधले, त्याच्या छपरात हीच रचना होती.

जून १८५० मध्ये रेल्वे कंपनीच्या एका बैठकीत, कामकाज चालू असतानाच, त्याने टिपकागदावर एक रेखाटन केले. तो टिपकागद आजही जपून ठेवलेला आहे. (कचेरीतल्या बैठकांत आम्हीही पुष्कळ टिपकागद खरडले. त्यातून काही उभे राहिल्याचे स्मरत नाही.)

सप्टेंबरअखेर पहिला खांब उभा राहिला आणि १ मे १८५१ रोजी राणी व्हिक्टोरियाने प्रदर्शनाचे उद्घाटन केले. इमारतीची लांबी १८०० फुटांहून जास्त, रुंदी ४०८ फूट. हे सात महिन्यांत साधले कसे? सारी गोम इथे आहे. इमारत तिथे बांधलीच नाही, तिथे ती जोडली. खांबांतले अंतर २४ फुटांच्या मापात बसवले. म्हणजे एक तुळई ओतली की तशाच शेकडो ओतता येतात. लोखंड कारखान्यातून ओतून यायचे, त्याची मजबुती तपासायची आणि जागेवर चढवायचे. काचाही एकाच मापाच्या, ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद. अशा सुमारे तीन लाख काचा लागल्या. छपराच्या पन्हळींवरून चालणाऱ्या चाकांच्या गाड्यांत बसून कारागीर त्या लावीत. ८० माणसांनी एका आठवड्यात १८,००० हून अधिक काचा बसवल्या. पावसाचे पाणी पन्हळीतून पोकळ खांबांत आणि खांबांतून थेट जमिनीखाली. खांब तोच नळ! बागेतले जुने एल्म वृक्ष तोडायला लोकांचा विरोध होता, तेव्हा मधल्या भागाला उंच कमानीचे छप्पर देऊन ते वृक्षच महालात घेतले.

गृहिणींसाठी एक खास गोष्ट. फरशीच्या फळ्यांत धूळ खाली पडावी म्हणून फटी ठेवल्या होत्या आणि झाडायला यंत्रेही योजली होती. यंत्रांची गरजच पडली नाही. बायकांच्या लोळत्या घागऱ्यांनी झाडलोट परस्पर केली.

साठ लाखांवर माणसे ते प्रदर्शन पाहून गेली. आपला कोहिनूरही तिथे पिंजऱ्यात होता. पंजाब खालसा करून १८४९ साली तो बालवयातल्या दुलीपसिंगांकडून घेतलेला. तो म्हणावा तसा चमकेना, म्हणून प्रेक्षक हिरमुसले. माझ्या मते त्या दालनातला खरा हिरा त्यांच्या डोक्यावर होता. अर्थात तोही निर्दोष नव्हता. लंडनच्या उन्हाळ्यातसुद्धा आत उकडू लागले आणि छपरावर कापड पसरावे लागले. मुंबईत जे आज नखशिखान्त काचेचे मनोरे उभारतात, त्यांनी हा तपशील वाचलेला दिसत नाही.

प्रदर्शन संपले आणि महाल उलगडला. सिडनहॅम येथे १८५४ साली तो आणखी मोठा होऊन उभा राहिला आणि ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री जळून गेला. पण तोवर त्याने दिलेला धडा रेल्वे स्टेशनांच्या छपरांत, पोलादी सांगाड्याच्या उंच इमारतींत जगभर गिरवला गेला होता.

त्याचे एक भावंड मुंबईत आले, हे मला फार उशिरा कळले. काळ्या घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल, पुढे एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखले जाणारे. त्याचा आराखडा करणारा रोलंड मेसन ऑर्डिश पॅक्स्टनच्या महालाच्या कामावर राबलेला. हॉटेलचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतला गेला, जहाजाने आला आणि १८६० च्या दशकात इथे जोडला गेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दिसली, ती याच छपराखाली. पुढे हॉटेल बुडाले आणि खोल्याखोल्यांतून वकिलांच्या कचेऱ्या आल्या. त्यातल्याच एकीत मी उमेदीच्या काळात तीन वर्षे टंकलेखन केले. माझ्या टेबलाशेजारी एक लोखंडी खांब होता. पावसाळ्यात मी त्याच्या कानशीला छत्री अडकवी. वकीलसाहेब म्हणत, "खांबाला गंज चढेल हो!" खांब कुठून आला, हे त्यांनाही ठाऊक नव्हते आणि मलाही.

२००५ साली तिथले सज्जे कोसळले आणि २०१९ साली इमारत रिकामी करण्यात आली. पाडून टाका, असा सल्ला तज्ज्ञांनी दिला. वाचवता येईल, असेही तज्ज्ञांनीच सांगितले. मी पडलो टंकलेखक. पण मला एवढे वाटते की, जी वस्तू सुट्या भागांनी जोडलेली आहे, तिचा खराब भाग काढून दुसरा बसवता आला पाहिजे. पॅक्स्टनचा अख्खा महाल सिडनहॅमला गेला. आम्हाला तर काळ्या घोड्याहून कुठेच जायचे नाही. खर्चाचे विचाराल, तर खर्च आहेच. पण विटेची भिंत गेली की गेली, ती सवलत इथे तरी आहे ना?

कंदील टांगून झाल्यावर नातवाला घेऊन मी तिथे गेलो. आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. रस्त्यापलीकडच्या पदपथावर उभे राहून त्याला मजले दाखवले, माझी खिडकी दाखवली, छत्रीचा खांब साधारण कुठे असेल ते बोटाने दाखवले. त्याने डोळे बारीक करून पाहिले आणि विचारले, "आजोबा, ह्याच्या कामट्या अजून शाबूत आहेत का?"

मी म्हटले, "पुष्कळशा असाव्यात." मग आमची चर्चगेटची गाडी गाठायची होती, म्हणून निघालो.