पडद्यावरचे शेत

शहापूर-मुरबाडकडचा एखादा तरुण मोबाईलवर शेतीचा खेळ खेळताना दिसला, की जाणती माणसे हसतात: बांधावर उतरावयाचे नाही आणि पडद्यावर पेरणी करावयाची! हे हसू उथळ आहे. फिनलंडमधील एका कंपनीने २०१२ साली आणलेल्या ‘हे डे’ या खेळात कापणीस उशीर झाला तरी पीक सुकत नाही. आणि मालाचा भाव, ठरावीक मर्यादेत का होईना, पिकविणाराच लावतो. येथे राब भाजावा, आवणी करावी, आणि ऐन कापणीत पावसाने लोंब्या आडव्या कराव्यात. सरकारी खरेदी केंद्र वेळेवर उघडले नाही, की भाव व्यापारी सांगतो. भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाते. शहापूरचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

तेव्हा या खेळाची ओढ आळसाची नसून निर्धास्त श्रमाची आहे. घाम गाळणाऱ्याला फळाची हमी हवी, ही मागणी पोरखेळ नव्हे. पडद्यावर ती घटकाभर पुरी होते. शिवारात मात्र हमीभाव आणि पाणी यांसाठी संघटित लढाच द्यावा लागेल. कार्यकर्त्यांनी या तरुणाला हसण्याऐवजी त्याच्याशी बोलण्यास तेथूनच आरंभ करावा.