भैरवीपर्यंत थांबायचंय!

आपल्याकडच्या गाण्याच्या कार्यक्रमांत एक गोष्ट तुम्ही कधी पाहिली आहे का? साडेआठ-पावणेनऊ झाले की सभागृहात चुळबूळ सुरू होते. आधी एक पदर सावरला जातो, मग पर्सची चेन वाजते, मग 'जरा जाऊ का पुढे' असं पुटपुटत एकेक बाई खुर्च्यांच्या ओळीतून बाहेर पडते. नऊ वाजता बायकांच्या बाजूच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या! पुरुषमंडळी मात्र ऐसपैस बसलेली असतात. मध्यंतरानंतरचं नाट्यपद, अभंग आणि शेवटची भैरवी त्यांच्या वाट्याला. आपल्या वाट्याला काय, तर दीपप्रज्वलन आणि सत्कार!

भैरवी हा खरं तर सकाळचा राग. पण मैफलीचा शेवट भैरवीनं करायचा, हा आपल्याकडचा रिवाज. ती झाली की त्यानंतर सहसा कुणी गात नाही. घरी आलेल्या सवाष्णीला दाराशी हळदकुंकू लावून निरोप द्यावा, तशी ती गायकानं श्रोत्यांना दिलेली पाठवणी असते. दोन-अडीच तासांत गळा पुरता तापलेला असतो, ऐकणाराही निवांत झालेला असतो. अशा वेळचं गाणं वेगळंच लागतं. आणि नेमक्या त्याच वेळी आपण बाहेर रिक्षावाल्याशी घासाघीस करत असतो.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. वाण देऊन झालं, तिळगूळ झाला आणि बोलता बोलता विषय निघाला, अलीकडे कुणी कुठलं गाणं समोर बसून ऐकलं? मला वाटलं, दोघी-तिघी बोलतील. पण एकीचं झालं की दुसरी सुरू! शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका बाईंनी पुण्याच्या 'सवाई'त प्रभा अत्रे ऐकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "राग कोणता होता ते विचारू नका, मला त्यातलं कळत नाही. पण तीन तासांत मला कुणी हाक मारली नाही, हे मात्र पक्कं लक्षात आहे." सगळ्या हसल्या. पण हसताना प्रत्येकीच्या मनात काहीतरी हललं, हे दिसत होतं.

एकीची धाकटी सून जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले ऐकायला गेली होती. प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा आणि गाण्याबरोबर ते हजारो पट्टे एकदम रंग बदलतात, हे ती हातवारे करून सांगत होती. सासूबाईंनी विचारलं, "पण शब्द तरी कळले का गं तुला सगळे?" सून म्हणाली, "आई, तुम्हाला विलंबितातले कळतात का?" सासूबाई निरुत्तर! मला ती सून आवडली. तिनं त्या रात्रीबद्दल कुणाची माफी मागितली नाही की 'एकदाच गेले हो' अशी सारवासारव केली नाही.

आणि आमच्याकडे ब्लाऊज शिवून देणारी एक जण. ती म्हणाली, "मी अभंगाचा कार्यक्रम मैदानाच्या कुंपणाबाहेर उभं राहून ऐकला. आत जायला बंदी नव्हती, तिकीटही नव्हतं. पण घरी पटकन परतता यावं म्हणून आत गेलेच नाही." हे ऐकून मी गप्प झाले. तिकीट नाही, अडवणारं कुणी नाही, तरी ती कुंपणाबाहेर! हे कुंपण नक्की कुणी घातलंय?

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्याचं? जगात काय कमी प्रश्न आहेत? शिवाय मोबाईलवर सगळं फुकट मिळतं. मिळतं ना, नाही कोण म्हणतंय? मीही पोळ्या लाटताना ऐकते. पण ते गाणं पोळ्यांचं असतं, माझं नसतं. तवा तापला की तान सुटते, कुकरची शिट्टी झाली की सम चुकते. समोर बसून ऐकताना आधी तंबोरे लागतात. चार तारा एकमेकींत मिसळून घुमायला लागल्या की सगळं सभागृह हळूहळू शांत होत जातं. मग गायिका एकेका सुराला हात लावत विलंबित ख्याल मांडते. अर्धा-पाऊण तास एकच राग! तिची बढत ऐकताना आपला श्वाससुद्धा संथ होतो. एखादी जागा सुरेख आली की आपल्या तोंडून 'वा' निघतं, ते तिला ऐकू जातं आणि ती तीच जागा आणखी फुलवून दाखवते. ध्वनिमुद्रणात हे कुठून येणार? आणि मुख्य म्हणजे आपले दोन्ही हात मांडीवर रिकामे असतात. मैत्रिणींनो, आठवून बघा, आपले हात असे तीन तास रिकामे शेवटचे कधी होते?

बायकांनी मैफलीत बसणं हे काही आपोआप घडलेलं नाही. एके काळी गाणारी बाई म्हणजे घरंदाज बाईनं जिच्याकडे बघू नये अशी, आणि गाण्याची बैठक म्हणजे पुरुषांची जागा. मिरजेत १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर या तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या सुरुवातीच्या गायिकांपैकी एक. अब्दुल करीम खाँसाहेबांची ही मुलगी. अंगभर पदर घेऊन, हातवारे न करता, शांतपणे बसून त्या गात. त्यांच्या त्या वावरामुळे घरच्या लेकीसुनांना गाण्याला नेणं लोकांना वावगं वाटेनासं झालं, असं जुनी माणसं सांगत. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, गंगूबाई हनगळ या सगळ्यांनीच किती सोसलं! त्यांनी स्वरमंचाचं दार उघडलं, म्हणून पुढे किशोरीताई, मालिनी राजूरकर, प्रभाताई तिथे मानानं बसल्या. मंचावर बाई पोचली. खाली ऐकणारी बाई मात्र अजून घड्याळाकडे बघते आहे.

ध्वनिक्षेपकांविषयीचे नियम २००० साली आले. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले थोडे दिवस सरकार बारापर्यंत मुभा देऊ शकतं, एवढंच. १९५३ साली सुरू झालेला 'सवाई गंधर्व महोत्सव' पूर्वी रात्र रात्र चालायचा, पहाटे भीमसेन जोशींचं गाणं ऐकून लोक घरी जायचे. तेही दहाच्या आत आटपू लागलं. दर्दी मंडळी हळहळली आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मालकंस, दरबारी हे रात्रीचे राग, ते संध्याकाळी सातला उरकायचे म्हणजे रागावर अन्यायच. पण आपल्या बाजूनं बघा. रात्रभराच्या त्या बैठकांना तालुक्याच्या गावातली किती बायकामाणसं जाऊ शकत होती? दहाला संपणाऱ्या कार्यक्रमाला निदान जायचा विचार तरी करता येतो.

म्हणजे वेळ बदलली की ऐकणारी माणसं बदलतात. मग ती आणखी थोडी का बदलू नये? मला एक सुचवायचं आहे. छोट्या गावांतल्या संगीत मंडळांनी वर्षातून दोन-तीन मैफली दुपारी तीनला ठेवाव्यात. बाईला घरात त्यातल्या त्यात मोकळीक असते ती दुपारी दोन ते पाच. आणि गंमत अशी की सारंग, भीमपलासी, मुलतानी हे दुपारचे राग! मैफली संध्याकाळच्या झाल्यामुळे हे राग समोर बसून ऐकायला कमीच मिळतात. म्हणजे बायकांची सोय होईल आणि दुपारच्या रागांनाही त्यांची वेळ परत मिळेल. दिवाळी पहाट आपण उत्साहानं करतोच की. पण ती नेमकी अशा दिवशी, जेव्हा अभ्यंगस्नानाचं पाणी तापवण्यापासून फराळाची ताटं भरण्यापर्यंत सगळं एकाच बाईवर असतं!

आयोजकांना आणखी दोन-तीन गोष्टी स्पष्टच सांगायला हव्यात. गेल्या वर्षी आमच्याकडे एका कार्यक्रमाची वेळ सहाची होती. प्रमुख पाहुणे आले सव्वासातला. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, नऊ जणांना शाल-श्रीफळ, पाहुण्यांचे 'दोन शब्द'. पहिला षड्ज लागला तेव्हा आठ वाजायला पाच मिनिटं होती. बाहेरगावच्या बायकांची शेवटची एसटी साडेनऊची. त्यांनी काय ऐकलं? आयोजकांना हा उशीर किरकोळ वाटत असेल. पण बाईनं तो वेळ घरातून मागून, हिशेब करून आणलेला असतो. तो सत्कारात खर्च करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? सत्कार करायचेच तर शेवटी करा, ज्यांना टाळ्या वाजवायच्या ते थांबतील! स्त्रियांच्या स्वच्छतागृहाची किल्ली पहारेकऱ्याच्या खिशात नको, दाराला हवी. आणि पुढच्या चार ओळी 'मान्यवरांसाठी राखीव' म्हणून रिकाम्या ठेवून तिकीट काढलेल्या बायकांना मागे पंख्याच्या आवाजात बसवू नका.

पण सगळं आयोजकांवर ढकलून चालणार नाही. घरातल्यांनाही थोडी सवय लावावी लागेल. 'बाई गाण्याला गेली' म्हणजे घर उपाशी राहिलं, असं होत नाही. क्रिकेटचा सामना असला की घरात जेवणाच्या वेळा पुढेमागे होतातच ना? मग आपल्या मैफलीला का होऊ नयेत? आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, 'उद्या मला यायला साडेदहा होतील, आमटी केलेली आहे, भात लावून घ्या.' विचारायचं नाही, सांगायचं. आजारी माणूस किंवा तान्हं मूल घरात असेल तर गोष्ट वेगळी, तिथे शेजारणीनं आळीपाळीनं मदत करावी. पाच-सहा जणींनी मिळून एक गाडी ठरवली तर परतीची भीती नाही आणि खर्चही वाटला जातो. हळदीकुंकवाच्या त्या दिवशीच आम्ही हे ठरवलं. भिशीसारखी दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाकायची आणि वर्षातून दोन मैफली ऐकायच्या. ब्लाऊज शिवणाऱ्या मैत्रिणीचं नाव यादीत पहिलं लिहिलं आहे.

राग कळतो की नाही, हा प्रश्न तर मनात आणूच नका. ताल मोजता न येणाऱ्यांनाही सम कळते, मान आपोआप हलते. एकदा पूर्ण ऐकून बघा, अगदी शेवटच्या तिहाईपर्यंत. तंबोरे खाली ठेवले जातात, तरी क्षणभर सूर तिथेच रेंगाळतो. तो ऐकायला तेव्हा सभागृहात असावं लागतं. तेव्हा पुढच्या वेळी शेजारची बाई पर्सची चेन ओढू लागली, तर तिच्या हातावर हलकेच हात ठेवा आणि सांगा, "बस गं थोडी, भैरवी व्हायचीय अजून!"