कोकणच्या बागांस कोणते विमान हवे?

शेतीसाठी विमान ही कल्पना आपल्या देशात नवी नव्हे. बंगळूरच्या हिंदुस्थान एरॉनॉटिक्स कारखान्यात तयार झालेल्या ‘बसंत’ या फवारणीच्या विमानाने १९७२ साली पहिले उड्डाण केले. पण सुमारे चाळीस विमाने झाल्यावर १९८० साली त्याचे उत्पादन थांबले. आता ते काम ड्रोन करू लागला आहे. तो लहान कारखानदारासही बनविता येतो. महिला बचत गटांना किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये, साहाय्य देणारी योजना २०२३ साली मंजूर झाली.

परंतु हे ड्रोन प्रामुख्याने सपाट शेतांसाठी बनविलेले आहेत. मालवण तालुक्यातील धामापूरचे उदाहरण घ्या. १५३० साली नागेश देसाई यांनी बांधविलेल्या तलावाच्या पाण्यावर येथे भातशेती व माड-पोफळीच्या बागा पोसल्या जातात. पोफळीवर पावसाळ्यात कोळे रोग पडतो. त्यासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण घोसांवर बसले पाहिजे. निसरड्या खोडावर चढणारे गडी आता दुर्मिळ झाले असून त्यांच्या जिवासही धोका असतो. तेव्हा यंत्राची गरज खरी. मात्र घोस झावळ्यांच्या खाली असतात. वरून सोडलेले औषध बहुतांशी झावळ्यांवरच राहील, आणि दाट मिश्रणाने बारीक तोट्या तुंबतील. ज्या कारखानदारास कोकणात यावयाचे आहे, त्याने बाजूने फवारणारे यंत्र घडवावे आणि दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाकडून भर पावसाळ्यात त्याची परीक्षा करून घ्यावी.

दुसरी गोष्ट पाण्याची. केरळातील कासरगोड जिल्ह्यात काजूवरील ढेकण्या किडीसाठी २००० सालापर्यंत सुमारे दोन दशके हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. डोंगरउतारावरील वस्त्या व विहिरी त्यातून सुटल्या नाहीत, आणि तेथील कुटुंबांच्या नशिबी दीर्घ दुखणी आली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली त्या औषधावर देशभर बंदी घातली. ड्रोन खालून उडतो हे खरे. तरीही वाऱ्याबरोबर तुषार वाहतातच.

म्हणून तलाव, विहिरी व वस्ती यांभोवती फवारणीची सीमा ग्रामसभेने आधी आखावी, आणि मगच यंत्र गावात आणावे. अनुदान मिळते म्हणून यंत्र घेण्यापेक्षा बागेस उपयोगी पडते म्हणून घेणे, यातच बागाईतदाराचे हित आहे.