पंचनाम्यातला शब्द

जिल्हा पानावर ही बातमी अधूनमधून येतच असते आणि तिचा मजकूर ठरलेला असतो. गोपनीय माहितीवरून लॉजवर छापा, बनावट गिऱ्हाईक पाठवून खातरजमा, दलालावर गुन्हा, 'दोन पीडित महिलांची सुटका'. सोबत छायाचित्र: ओढणीत तोंड लपवून खाली बसलेल्या दोघी आणि मागे ताठ उभे असलेले कर्मचारी. शेवटच्या ओळीत 'महिलांची शासकीय वसतिगृहात रवानगी' झालेली असते. एकाच बाईविषयी चार ओळींच्या अंतराने 'सुटका' आणि 'रवानगी' हे दोन्ही शब्द छापले जातात, आणि ते छापणाऱ्या आम्हा पत्रकारांना काही खटकत नाही, वाचणाऱ्या समाजालाही नाही. मथळ्यात ती 'वेश्या अड्ड्या'वरची असते, फिर्यादीत 'पीडिता', आरोग्य खात्याच्या नोंदवहीत 'उच्च जोखीम गट'. गल्लीत तिला जे म्हटले जाते ते छापण्याजोगे नाही. एका स्त्रीला इतकी नावे, आणि त्यांतले एकही तिने स्वतः सांगितलेले नाही.

या नावांवरून स्त्रीवादी चळवळीत चार दशकांहून अधिक काळ वाद धुमसतो आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील कॅरल ली या कार्यकर्तीने 'सेक्स वर्क' हा शब्दप्रयोग पुढे आणला. बाईला चिकटलेला कलंक गळावा, ती जे करते त्याकडे काम म्हणून पाहिले जावे, हा त्यामागचा हेतू. त्याला विरोधही तितक्याच पोटतिडकीने झाला. 'काम' म्हटले की दलाल, घरवाली आणि गिऱ्हाईक हे तिघेही उजळ माथ्याने फिरायला मोकळे होतात. कोणी स्त्री वेश्या नसते, तिला वेश्या केले जाते, असे हा दुसरा पक्ष सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक रीम अलसालेम यांनी २०२४ च्या अहवालात हीच बाजू घेऊन वेश्याव्यवसायाला हिंसेची व्यवस्था म्हटले.

महाराष्ट्राला हा वाद परका नाही. मुंबईत १९८६ पासून कामाठीपुऱ्यात काम करणाऱ्या 'प्रेरणा' संस्थेची भाषा लैंगिक शोषणाची आणि मानवी व्यापाराची आहे. सांगलीत १९९२ मध्ये सुरू झालेल्या 'संग्राम'च्या कामातून १९९६ मध्ये या व्यवसायातील स्त्रियांचीच संघटना उभी राहिली, तेव्हा तिने आपले नाव ठेवले 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. आयुष्यभर शिवी म्हणून कानांवर आदळलेला शब्द या बायकांनी स्वतःच्या पाटीवर लिहिला. पुढे एड्स प्रतिबंधाच्या अमेरिकी मदतीला वेश्याव्यवसायाविरोधी प्रतिज्ञेची अट जोडली गेली, तेव्हा 'संग्राम'ने ती मान्य करण्यास नकार दिला. एका वाक्यावर सही न करण्याची किंमत परदेशी निधीत मोजली गेली.

'काम' या शब्दाला दलित स्त्रीवाद्यांचा आक्षेप याहून जड आहे. मुरळी, जोगतीण, देवदासी ही नावे बाईने निवडलेली नव्हती. जातीने ती तिच्या कपाळी लिहिली होती. ज्या व्यवसायात जन्मानेच ढकलले जाते त्याला 'निवड' म्हणणे हा जातिव्यवस्थेवर घातलेला पडदा आहे, हा मुद्दा २००५ च्या डान्सबार बंदीच्या वेळी महाराष्ट्राच्या स्त्री चळवळीला उभा चिरून गेला. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासी आणि कामाठीपुऱ्यातील स्त्रियांपुढे भाषण केले आणि हे लाजिरवाणे जिणे सोडा, असे निक्षून सांगितले. त्या आवाहनाचे वजन आजही कमी झालेले नाही. परंतु ते भाषण त्या स्त्रियांसमोर, त्यांच्या डोळ्यांना डोळा देऊन झाले होते. आजची बरीच चर्चा त्यांच्या पाठीमागे होते.

यांतली एकही बाजू लबाड नाही. अनर्थ घडतो तो हा वाद परिषदांच्या सभागृहातून निघून ठाणे अंमलदाराच्या टेबलावर उतरतो तेव्हा. तेथे सूक्ष्म भेद गळून पडतात आणि उरतो तो केवळ शिक्का. सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑगस्ट २०२३ रोजी न्यायालयीन भाषेतील लिंगभावी पूर्वग्रहांविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत 'वेश्या'ऐवजी 'सेक्स वर्कर' म्हणावे असे सुचवले होते. मानवी व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या संस्थांनी हरकत घेतली आणि नोव्हेंबरमध्ये शब्द पुन्हा बदलला: व्यापाराला बळी पडलेली स्त्री, व्यावसायिक लैंगिक व्यवहारातील स्त्री, किंवा व्यावसायिक लैंगिक शोषणात जबरीने ओढलेली स्त्री. तीन महिन्यांत एका शब्दाचे तीन शब्दसमूह झाले. हा बदल योग्य दिशेचा आहे, कारण या तिघी वेगळ्या आहेत. मात्र समोरची बाई या तिघींतली कोणती, हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, म्हणजे पोलिसांच्या तोंडचा 'पिटा', १९५६ चा आहे. १९८६ च्या दुरुस्तीपासून त्यात वेश्याव्यवसायाची व्याख्याच 'व्यापारी हेतूने केलेले लैंगिक शोषण' अशी आहे. म्हणजे या व्याख्येत स्वखुशीने असलेली प्रौढ बाई बसतच नाही. सापडली ती पीडिता. पीडिता म्हटले की कलम १७ लागते, आणि त्या कलमान्वये दंडाधिकारी तिला संरक्षणगृहात किमान एक आणि कमाल तीन वर्षे ठेवू शकतात. चौकशीत मदतीला पाच प्रतिष्ठित व्यक्तींचे मंडळ बोलावण्याची सोयही कायद्यात आहे. गुन्हा सिद्ध झालेल्या चोरालाही याहून कमी शिक्षा होऊ शकते. इथे तर गुन्हाच नाही, केवळ करुणा आहे, आणि त्या करुणेच्या दाराला बाहेरून कुलूप आहे.

हे कल्पनाचित्र नव्हे. मुंबईतील एका छाप्यात सापडलेल्या तीन तरुणींना दंडाधिकाऱ्यांनी आईवडिलांच्या स्वाधीन करण्याचे नाकारले, कारण त्यांच्या जमातीत हा व्यवसाय रूढ असल्याचे सांगितले गेले. त्यांना वर्षभर उत्तर प्रदेशातील संस्थेत पाठवण्याचा आदेश झाला. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी तो रद्द केला. सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येणार नाही आणि या कायद्यात वेश्याव्यवसाय हा स्वतः गुन्हा नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. त्या तिघींच्या आयुष्यातील जवळपास एक वर्ष तोवर सरले होते. मुंबईत वकील मिळाला, उच्च न्यायालय हाकेच्या अंतरावर होते. परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या किंवा जिंतूरच्या बाईने औरंगाबाद खंडपीठ कसे गाठायचे?

परभणीचे वेगळेपण इथेच आहे. सांगलीचे गोकुळनगर किंवा पुण्याची बुधवार पेठ यांसारखी नावाजलेली वस्ती आपल्या जिल्ह्यात नाही. इथला व्यवहार भाड्याच्या खोलीत, लॉजवर, ढाब्याच्या मागे आणि आता फोनवर चालतो. त्यामुळे इथली बाई विखुरलेली आहे. तिच्या पाठीशी परिषद नाही, मोर्चा नाही, तिच्या बाजूने निवेदन देणारे कोणी नाही. सांगलीची बाई 'आम्हाला असे म्हणू नका' असे ठणकावून सांगते. परभणीच्या बाईला पोलीस आणि पत्रकार जे म्हणतील तेच तिचे नाव.

या व्यवसायापर्यंत ती कशी पोचते, हेही जिल्ह्याने आरशात पाहावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार परभणीतील २० ते २४ वयोगटाच्या ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतली की कोयता म्हणजे जोडपे लागते. मायबाप कारखान्यावर सहा महिने गेले की वयात आलेली पोर घरी एकटी ठेवता येत नाही. म्हणून ती सोळाव्या वर्षी उजवली जाते. अठराव्या वर्षी नवऱ्याने सोडली की गाव तिला आणखी एक नाव देते: 'टाकलेली'. दलाल तिला हेरतो तो या नावाच्या खुणेवरून. आणि ती अल्पवयीन असेल तर तिच्यासाठी 'लैंगिक कामगार' हा शब्द कोणत्याही मुखातून, कोणत्याही प्रागतिक हेतूने निघता कामा नये. अल्पवयीन मुलीची संमती कायद्याला मान्य नाही. तिला कामगार म्हणणारा अजाणता दलालाची वकिली करतो आणि पोक्सोचा गुन्हा पातळ करण्याची वाट उघडून देतो. याबाबत 'संग्राम' आणि 'प्रेरणा' यांच्यात मतभेद असण्याचे कारण नाही, आणि जे स्त्रीवादी लेखन वयाचा हा भेद पुसून एकच शब्द सर्वत्र वापरते त्याने आपली लेखणी तपासावी.

म्हणजे एका शब्दाने अल्पवयीन मुलगी लपते आणि दुसऱ्याने सज्ञान बाई मुकी होते. दोन्ही अनर्थ एकाच वेळी, एकाच ठाण्यात, एकाच छाप्यात घडू शकतात. पोलिसांनी एकीला घाईने 'धंदेवाली' लिहिले की तिचे वय तपासले जात नाही. दुसरीला घाईने 'पीडिता' लिहिले की तिचे म्हणणे ऐकले जात नाही.

शब्दाचा संबंध पोटाशीही येतो. टाळेबंदीत सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२० रोजी ओळखपत्राचा आग्रह न धरता या स्त्रियांना शिधा देण्याचे आदेश दिले. महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी दरमहा पाच हजार रुपये आणि शाळकरी मुलांसाठी अडीच हजार मंजूर केले. ३०,९०१ स्त्रिया आणि ६,४५१ मुले मिळून ५१ कोटी १८ लाख ९७ हजार ५०० रुपये. मदत मोलाची होती. पण यादीत यायचे तर नावापुढे तो शिक्का मारून घ्यायचा होता. ज्या गावात शिधावाटपाची यादी भिंतीवर चिकटवली जाते आणि दुकानदार सर्वांचा ओळखीचा असतो, तेथे शिक्क्याची किंमत पाच हजारांहून जास्त असते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने पुढे बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात १९ मे २०२२ रोजी आधारची सोय करताना, त्या कार्डावरून ती कोण हे उघड होता कामा नये, अशी अट घातली.

त्याच आदेशाने आणखी बरेच सांगितले आहे. या स्त्रियांशी पोलिसांनी सन्मानाने वागावे. त्यांच्यावर अत्याचार झाला तर कोणत्याही पीडितेला मिळते ते सर्व साहाय्य त्यांना मिळावे. संरक्षणगृहांत इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांचा आढावा घेऊन त्यांना सोडावे. निरोध हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये. छाप्याच्या बातमीत ओळख उघड होईल असे छायाचित्र छापू नये. विधी सेवा प्राधिकरणांनी या स्त्रियांसाठी कार्यशाळा घ्याव्यात. आदेश निघून काळ लोटला. आपल्या जिल्ह्यात यांतले किती पाळले जाते, हे पोलीस अधीक्षक आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांनी जाहीरपणे सांगावे.

शब्द कोणाच्या तोंडून येतो, हे परभणीने इतरांकडून शिकावे लागू नये. गंगाखेडच्या जनाबाईंनी सात शतकांपूर्वी लोकलज्जेला धुडकावून विठ्ठलाच्या बाजारात उभी राहिलेली वेश्या असे स्वतःला म्हटले. हाच शब्द दुसऱ्या कोणी त्यांच्यासाठी वापरला असता तर ती विटंबना ठरली असती. त्यांच्या मुखी तो मुक्तीचा उद्घोष झाला. मंगळवेढ्याच्या श्यामा गणिकेची मुलगी कान्होपात्रा हिला वारकरी परंपरेने संत म्हणून स्वीकारले, बादशहाने मात्र जनान्यात मागितले. परंपरेने आणि सत्तेने तिला दोन वेगळ्या नावांनी पाहिले, आणि तिने सत्तेचे नाव स्वीकारण्यापेक्षा पंढरीत विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला. ज्या मातीत हा वारसा आहे तेथील पत्रकार, पोलीस आणि स्त्री संघटना यांनी नाव ठेवण्याचा अधिकार स्वतःकडे घेऊन बसावे, हे लाजिरवाणे आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. छाप्यात सापडलेल्या प्रत्येकीचे वय प्रथम वैद्यकीय आणि कागदोपत्री तपासावे. अल्पवयीन असेल तर तत्काळ बालकल्याण समिती आणि पोक्सो, शब्दांची कोणतीही कसरत नको. सज्ञान असेल तर दलाल आणि मालकीण जवळ नसताना, महिला अधिकाऱ्यासमोर, शक्य तर वकिलाच्या उपस्थितीत तिचा जबाब तिच्याच शब्दांत लिहून घ्यावा आणि पंचनाम्यात तेच शब्द यावेत. ती 'फसवून आणले' म्हणाली तर ते लिहावे. 'पोटासाठी करते, घरी जायचे आहे' म्हणाली तर तेही लिहावे. वृत्तपत्रांनी, आम्हाला धरून, 'वेश्या अड्डा' हा मथळा आणि ओढणीतली छायाचित्रे आजपासून बंद करावीत. आणि राज्यभरातील स्त्री संघटनांनी पुढची परिषद परभणीत, इथल्या बायकांना व्यासपीठावर बसवून घ्यावी. त्या कोणता शब्द निवडतील तो आपल्याला आवडेलच असे नाही.

कलम १७ अन्वये तिला डांबून ठेवण्याची किमान मुदत एक वर्ष आहे. तिचे म्हणणे लिहून घ्यायला अर्धा तास लागतो.