वेगळ्या वाटा : चुलीचे शास्त्रज्ञ

बालमित्रांनो, मोठेपणी कोण होणार असं विचारलं की डॉक्टर, इंजिनिअर, पायलट ही उत्तरं ठरलेली! 'मी चुलीवर संशोधन करणार' असं कुणी म्हणालं, तर वर्गात हशाच पिकेल. पण हसण्याआधी जरा ऐका.

लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात. पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली तर ते नीट जळतात. नाही मिळाली, तर धूर होऊन घरभर कोंडतात. पातेल्याच्या बुडाची काजळी म्हणजे न जळलेला कार्बन, वाया गेलेलं इंधनच बरं का! जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या अशा प्रदूषणामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. चुलीपुढे बसणारी आई आणि तिच्या मांडीवरचं बाळ यांना त्याचा त्रास सर्वात जास्त.

मग संशोधक काय करतो? लाकूड तोलून पेटवतो. ठरावीक पाणी उकळायला किती लाकूड, किती वेळ लागला ते टिपतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजतो. पण खरी परीक्षा गावातच! प्रयोगशाळेत पहिली आलेली चूल भाकरी नीट फुगवत नसेल, तर काकू ती खुशाल कोपऱ्यात ठेवून देतील. म्हणून आधी काकूंना विचारायचं, मग चूल घडवायची.

पुण्याच्या 'आरती' या संस्थेचंच पाहा ना. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे तिचे संस्थापक. ऊसतोडणीनंतर शेतात उरलेलं पाचट शेतकरी पेटवून देतात. संस्थेनं भट्टीत त्याचा कोळसा करून कांड्या पाडल्या आणि बिनधुराचं इंधन तयार केलं! त्यासाठी २००२ साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पुढे खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी २००६ साली पुन्हा मिळाला.

या वाटेनं जायचंय? भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिका. माणसांत रमत असाल, तर गृहविज्ञान किंवा समाजकार्यातूनही इथे पोचता येतं. पालकहो, यात झगमगाट नाही, हे खरं. पण एखाद्या घरातला खोकला थांबला, तर त्याचं मोल कोणत्या पगारात मोजणार?

आता या आठवड्याचा गृहपाठ. आजीला विचारा, 'तुझ्या चुलीत तुला काय बदलावंसं वाटायचं?' उत्तर वहीत लिहून ठेवा. तुमच्या संशोधनाची सुरुवात झालीच म्हणून समजा!